भाकरवडी अडकली, पैसे गेले: अंधेरीतल्या एका व्हेंडिंग मशीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका व्यावसायिक इमारतीच्या चौथ्या मजल्यावर परदेशी ग्राहकांचे फोन घेणारं कार्यालय आहे. रात्रपाळीला साठ-सत्तर माणसं असतात. दिवसा इमारतीखाली वडापाव, सँडविच, डोसा सगळं मिळतं. रात्री एकनंतर मात्र सायकलवरच्या चहावाल्याचाच आधार, आणि जुलैच्या पावसात तोही येईलच असं नाही. म्हणून पँट्रीबाहेर काचेच्या दाराचं एक व्हेंडिंग मशीन ठेवलेलं आहे.

मशीन कार्यालयाच्या मालकीचं नाही. मशीन, माल आणि दाराची किल्ली पुरवठादाराची, क्यूआर कोडवर येणारे पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. कार्यालय जागा आणि वीज देतं. मुंबईतल्या पुष्कळ कार्यालयांत हीच पद्धत आहे. एरवी ती सोयीची वाटते, पण पाकीट अडकलं की ‘हे कोणी सोडवायचं’ याचं उत्तर मजल्यावर कोणाकडेच नसतं.

आत सहा ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये रांगा, प्रत्येक रांगेत तारेची स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या मागे छोटी मोटर. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये एकेक पाकीट उभं असतं. नंबर दाबला की स्प्रिंग एक पूर्ण फेरा घेते, सगळी पाकिटं एकेक घर पुढे सरकतात आणि सर्वांत पुढचं खाली पडतं. फेरा पूर्ण झाला हे मोटरमधल्या लहानशा स्विचला कळतं. पाकीट खरोखर पडलं का, हे त्या स्विचला कळत नाही. त्यासाठी खाली, पाकीट जिथून पडतं त्या जागेच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड सेन्सरच्या पट्ट्या असतात. पाकीट पडताना किरण तुटला तर विक्री झाली. नाही तुटला तर मशीन मोटर आणखी थोडी फिरवून पाहतं आणि तरीही काही पडलं नाही तर व्यवहार फसल्याची नोंद करतं. पैसे आपोआप परत येणं याच नोंदीवर अवलंबून असतं.

या मशीनमध्ये ३४ नंबरच्या रांगेत आधी बटाट्याचे वेफर्स होते. ‘पाकिटात हवाच जास्त’ ही तक्रार जुनी, आणि रात्रपाळीच्या लोकांना पोटाला आधार होईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून जूनच्या शेवटी तिथे १०० ग्रॅमची भाकरवडी भरली गेली, किंमत ५० रुपये. स्प्रिंग मात्र वेफर्सचीच राहिली.

घटना

रात्री अडीचच्या सुमाराला एका कर्मचारी मुलीने ३४ नंबर दाबून यूपीआयने ५० रुपये भरले. स्प्रिंग फिरली. भाकरवडीचं पाकीट ट्रेच्या कडेपर्यंत आलं, त्याची खालची बाजू कडेबाहेर गेली, पण वरची चिकटपट्टी स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यात अडकून राहिली. पाकीट तिरपं लोंबकळत होतं आणि स्क्रीनवर ‘धन्यवाद’ आलं होतं.

हा ‘धन्यवाद’ या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा पुरावा आहे. पाकीट पडलेलं नसताना मशीनने विक्री झाल्याचं मान्य केलं, म्हणजे सेन्सर एकतर बिघडलेला किंवा बंद केलेला. त्या वेळी तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि जाण्याचं कारणही नव्हतं. भूक लागलेल्या माणसाला समोर पाकीट दिसत असतं, स्क्रीन नाही.

समोर असलेले पर्याय

पाच-सात जण जमले आणि सल्ले सुरू झाले. ते इथे एकेक करून तपासण्यासारखे आहेत, कारण कुठल्याही मशीनसमोर हेच सल्ले मिळतात.

पहिला सल्ला: तोच नंबर पुन्हा घ्या. मागचं पाकीट पुढच्याला ढकलेल आणि दोन्ही पडतील. हा सल्ला लोक हसण्यावारी नेतात, पण तो पुष्कळदा बरोबर ठरतो. पाकीट सरळ उभं असेल आणि फक्त वरच्या पट्टीने लटकत असेल, तर पुढच्या फेऱ्यात ते बहुधा सुटतं. पाकीट पुढे झुकून काचेला टेकलं असेल तर मात्र हा मार्ग सोडावा. तेव्हा ट्रेची कड आणि काच यांच्यामध्ये ते पाचरीसारखं बसलेलं असतं आणि मागून येणारं पाकीट त्याला आणखी घट्ट करतं. म्हणून आधी बाजूने वाकून पाहायचं: पाकीट आणि काच यांच्यात बोटभर फट दिसते का? दिसली तर एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. दिसली नाही तर पैसे खिशातच बरे.

दुसरा सल्ला: वरच्या ट्रेमधलं काहीतरी जड घ्या, ते पडताना याला घेऊन पडेल. वरची रांग अगदी त्याच रेषेत असेल तरच हे जमतं. अन्यथा भाकरवडी जागेवर आणि हातात नको असलेला ज्यूसचा डबा.

तिसरा: दणका द्या किंवा मशीन पुढे झुकवा. इथे चर्चेला जागाच नाही. काचेच्या दाराचं असं मशीन रिकामंच अडीचशे-तीनशे किलोच्या घरात असतं, भरल्यावर त्याहून जड. कूलर असलेल्या मशीनचा कॉम्प्रेसर तळाशी असला तरी माल वरपर्यंत भरलेला असतो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर चार पायांवर उभं, भिंतीला न बांधलेलं मशीन एका मर्यादेपलीकडे कललं की दोन माणसांना सावरता येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७८ ते १९९५ या काळात मशीन अंगावर पडून झालेले किमान ३७ मृत्यू नोंदवले होते. बळी पडलेल्यांपैकी बहुतेक जण मशीन हलवत किंवा झुकवत होते. ती प्रामुख्याने थंड पेयांची जड मशीनं होती, पण तोल जाण्याचं गणित तेच.

चौथा: खालच्या झडपेतून हात घाला. झडप आत ढकलली की आतली दुसरी झडप वरचा रस्ता बंद करते, कारण चोरी होऊ नये म्हणूनच ती बसवलेली असते. कोपरापर्यंत गेलेला हात बाहेर काढताना ही आतली झडप आडवी येते. वरच्या ट्रेपर्यंत हात पोहोचत नाही तो नाहीच.

पाचवा: मशीन बंद करून चालू करा. आणि सहावा, जो कोणाच्याच तोंडी नव्हता: फोटो काढा, नोंद करा, सकाळपर्यंत थांबा.

प्रत्यक्षात काय केलं

एका सहकाऱ्याने आपल्या फोनवरून पुन्हा ३४ नंबर घेतला. पहिलं पाकीट तेव्हा लोंबकळत असलं तरी खालचं टोक काचेला टेकलेलं होतं, म्हणजे वर म्हटलेली फट नव्हती. दुसरं पाकीट पुढे आलं, पहिल्याच्या पाठीवर बसलं आणि दोन्ही अडकली. शंभर रुपये गेले. स्क्रीनवर पुन्हा ‘धन्यवाद’.

मग दोघांनी मशीनच्या वरच्या कडा धरल्या. मजल्यावरचे वॉचमन तेवढ्यात आले. “अहो, हात काढा आधी. मागच्या नोकरीत असंच एक कपाट पडताना बघितलंय मी,” असं म्हणून त्यांनी दोघांना बाजूला केलं. या रात्रीतला सर्वांत योग्य निर्णय हाच होता आणि तो मशीनशी काही संबंध नसलेल्या माणसाने घेतला.

पण पुढच्याच क्षणी कोणीतरी म्हणालं, “काका, बंद करून चालू करून बघा ना.” त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाच-दहा सेकंदांत पुन्हा चालू केलं. याने दोन गोष्टी झाल्या. मशीनने सुरू होताना स्वतःची तपासणी केली, पण अडकलेल्या रांगेची मोटर पुन्हा फिरवली नाही. बहुतेक मशीनं ती फिरवत नाहीतच. शिवाय कॉम्प्रेसरचं चक्र तुटलं. कूलिंग चालू असताना वीज गेली तर कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. काही मशीनांमध्ये ही वाट पाहण्याची सोय असते, काहींमध्ये नसते. दाब उतरण्याआधी पुन्हा जोर लावला की ओव्हरलोड स्विच उडतो आणि थंडावा थांबतो. इथे तो उडाला. खालच्या ट्रेमधली ताकाची आणि थंड कॉफीची पाकिटं सकाळपर्यंत कोमट झाली. मूळ नुकसान शंभर रुपयांचं होतं. बटण बंद-चालू केल्यावर त्यात ताक-कॉफीची भर पडली, कारण असा माल पुन्हा थंड करून विकायचा नसतो.

दारावरच्या स्टिकरवर मदतीचा नंबर होता. तो रात्री उचलला गेला नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्या फोटोत काचेतून दोन्ही पाकिटं, खालचा ३४ हा नंबर आणि मशीनच्या दारावरचा क्रमांक असं तिन्ही एकाच चौकटीत आलं होतं. ठरवून काढला असता तरी याहून उपयोगी फोटो निघाला नसता.

मशीन उघडल्यावर

माल भरणारा मुलगा साडेदहाला आला. त्याची नेहमीची पद्धत अशी: दार उघडायचं, अडकलेलं पाकीट हाताने ओढायचं, दार लावायचं. कार्यालयाच्या फॅसिलिटी विभागाच्या बाईंनी त्याला थांबवलं आणि तंत्रज्ञ येईपर्यंत काही काढू दिलं नाही. हा प्रकरणातला दुसरा योग्य निर्णय. पाकीट ओढून काढलं की का अडकलं याचा मागच उरत नाही.

तंत्रज्ञाने काम केलं ते या क्रमाने. आधी वीज बंद. मग दार उघडून अडकलेल्या पाकिटांची जागा पाहिली. ट्रेचं कुलूप सोडून ट्रे पुढे ओढून खाली झुकवला, मागची पाकिटं काढून घेतली आणि मग पुढची दोन वरच्या पट्टीकडून उचलून सोडवली. स्प्रिंग हाताने उलटी फिरवली नाही. पाकीट सुटावं म्हणून स्प्रिंग हाताने पिळायचा मोह होतो, पण मोटरच्या गिअरचे प्लॅस्टिकचे दाते त्यात तुटतात आणि मग रांग अर्ध्याच फेऱ्यात थांबू लागते.

कारण मोजपट्टीने सापडलं. ट्रे साधारण ५० सेंटिमीटर खोल. त्यात ८ वेढ्यांची स्प्रिंग असेल तर दोन वेढ्यांमधलं अंतर सुमारे ६ सेंटिमीटर येतं, १० वेढ्यांची असेल तर ५, १२ वेढ्यांची असेल तर ४. फुगीर वेफर्ससाठी ८ वेढ्यांची स्प्रिंग योग्य होती. भाकरवडीचं पाकीट मात्र जाडीला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आणि वजनाला तिप्पट. दीड सेंटिमीटर जागा मोकळी, म्हणून ते सरळ उभं न राहता मागे रेलत होतं. रेललेल्या पाकिटाचा तळ आधी कडेवरून सुटतो आणि डोकं मागे राहतं. त्यात हे पाकीट वेफर्सपेक्षा उंच. ट्रेची कड आणि काच यांच्यातल्या जागेत तिरपं झालं की ते दोन्हीकडे टेकतं. वेफर्सचं पाकीट अशा वेळी दबून निसटतं. भाकरवडी दबत नाही.

दुसरं कारण स्प्रिंगच्या टोकाचं. टोक कुठे थांबतं यावर पाकीट फेऱ्याच्या आत सुटतं की फेरा संपताना लटकतं हे ठरतं. स्प्रिंग मोटरच्या जोडापासून ओढून, थोडी फिरवून पुन्हा बसवता येते. माल बदलला की हे करायचं असतं. इथे कोणी केलं नव्हतं.

आणि सेन्सर. तो बंद होता. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मशीन ‘पाकीट पडलं नाही’ अशा खोट्या नोंदी करू लागलं होतं. शनिवार-रविवारी कार्यालयाचा एसी बंद असतो. मजल्यावरची दमट हवा आणि आतला थंडावा यांच्यामुळे सेन्सरच्या भिंगांवर वाफ धरत होती, आणि तिच्यावर फरसाणाच्या पाकिटांवरची तेलकट धूळ बसत होती. किरण नीट पोहोचत नसल्याने पडलेलं पाकीट मशीनला दिसत नव्हतं. मग लोकांना पाकीटही मिळत होतं आणि पैसेही परत. पुरवठादाराने तोटा थांबवण्यासाठी मेनूमध्ये जाऊन सेन्सरच बंद करून ठेवला. त्यामुळे फुकट पाकिटं थांबली, पण तेव्हापासून खरोखर अडकलेलं प्रत्येक पाकीटही ‘विकलं’ म्हणून नोंदलं जाऊ लागलं.

हे आठवडाभर हिशेबात का दिसलं नाही, हा प्रश्न फॅसिलिटीच्या बाईंनी विचारला, आणि तो रास्त होता. उत्तर असं की अडकलेलं पाकीट पुढच्या गिऱ्हाइकाबरोबर सुटतं. पहिल्याचे पैसे गेले, दुसऱ्याला दोन पाकिटं मिळाली. मशीनच्या नोंदीत विक्री दोन, ट्रेमधून कमी झालेली पाकिटं दोन. वही तंतोतंत जुळते. माल मोजून ही गळती कधीच सापडत नाही, ती फक्त तक्रारीत दिसते. आणि पन्नास रुपयांसाठी रात्री तीनला तक्रार करणारे थोडे. दोन पाकिटं मिळालेला तर कशाला बोलेल?

पैशांचं काय झालं

पुरवठादाराचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: “आमच्याकडे सेल झालेला दिसतोय.” सहकाऱ्याने तोवर यूपीआय अॅपमधून बँकेकडे तक्रार टाकली होती. ती फेटाळली गेली, आणि आपोआप परताव्याचा नियम इथे लागूही नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. पण इथे पैसे पुरवठादाराला मिळालेले होते. बँकेच्या दृष्टीने व्यवहार यशस्वी, मिळाला नाही तो माल. अशा वेळी आधी दाद विक्रेत्याकडे मागायची असते. यूपीआयमध्ये पैसे ग्राहकाच्या खात्यातून आधीच गेलेले असतात, त्यामुळे ते परत करणं हा विक्रेत्याने करायचा वेगळा व्यवहार असतो.

पहिल्या मुलीने बँकेच्या वाटेला न जाता सुपरवायझरकडे चार गोष्टी दिल्या होत्या: व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, मशीनचा क्रमांक आणि रांगेचा नंबर. त्या चार गोष्टी, रात्रीचा फोटो आणि सेन्सर बंद असल्याचा तंत्रज्ञाचा शेरा एकत्र आल्यावर पुरवठादाराकडे बोलायला काही उरलं नाही. दोघांचेही पैसे परत आले. ते न आले असते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर होता. पन्नास रुपयांसाठी कोणी तिथे जात नाही, पण एकाच मशीनविरुद्ध दहा जणांच्या तक्रारी असतील तर जरूर जावं.

निष्पत्ती

भाकरवडीच्या रांगेला १० वेढ्यांची स्प्रिंग बसली आणि टोकाला पाकिटाला शेवटचा धक्का देणारी प्लॅस्टिकची क्लिप लागली. ही रांग खालच्या ट्रेमध्ये नेली. तिथून पडण्याचं अंतर कमी असल्यामुळे भाकरवडीचा भुगाही कमी होतो. सेन्सर सुरू केला, भिंगं दर खेपेला कोरड्या मऊ कापडाने पुसायची आणि तेलकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, असं ठरलं. बदललेल्या रांगेत माल भरल्यावर मेनूमधून दोनदा चाचणी करायची, भरलेल्या रांगेवर एकदा आणि शेवटची दोन पाकिटं उरली असताना एकदा. दुसरी चाचणी माल भरणाऱ्यांना जाचक वाटते, पण मागून आधार नसलेलं शेवटचं पाकीटच सर्वांत जास्त रेलतं. चाचणीत पडलेला माल परत भरता येतो, त्यामुळे जातो तो फक्त वेळ.

मशीन मागच्या बाजूने पट्टीने भिंतीला बांधलं. ते पहिल्या दिवसापासूनच बांधलेलं असायला हवं होतं, आणि ही जबाबदारी पुरवठादाराइतकीच जागा देणाऱ्याचीही आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी काचेकडची फट पाहिली असती तर पन्नास रुपये वाचले असते, एवढंच. खरी चूक माल बदलला त्या दुपारची. वेफर्सच्या जागी भाकरवडी भरताना पाकीट स्प्रिंगमध्ये उभं करून बोटाने मागे-पुढे हलवून पाहिलं असतं, तर ते रेलतंय हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पाकीट वेढ्यांमध्ये सैल पण सरळ उभं राहायला हवं, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त डुलायला नको.

सेन्सर बंद करण्याचा निर्णय मात्र इतका सरळ नाही. खोट्या नोंदींमुळे पुरवठादाराचा माल खरोखर फुकट जात होता. पण बंद करताना त्याने कार्यालयाला कळवलं नाही आणि दारावर तशी सूचना लावली नाही. तात्पुरता बंद ठेवायचाच होता, तर त्या दिवसांत प्रत्येक तक्रारीचे पैसे न विचारता परत करायला हवे होते. तोटा कोणाच्या तरी वाट्याला येणारच होता, त्याने तो गुपचूप गिऱ्हाइकाकडे सरकवला.

किल्लीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. कार्यालयाला एक किल्ली रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे हवी होती. पुरवठादाराने नकार दिला, कारण माल त्याचा आणि कमी भरला तर विचारायचं कोणाला. सध्या तडजोड अशी आहे: रात्रीच्या तक्रारीसाठी वेगळा व्हॉट्सअॅप नंबर, फोटो आणि संदर्भ क्रमांक आला की दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पैसे परत, आणि काचेवर मराठी, हिंदी, इंग्रजीत तीन ओळी: मशीन हलवू नका, बटण बंद करू नका, पाकीट काचेला टेकलं असेल तर पुन्हा पैसे भरू नका. तिसरी ओळ लावायला पुरवठादार तयार नव्हता. ती फॅसिलिटीच्या बाईंनी स्वतः छापून चिकटवली.